वास गिळणारा डबा

नाकोबाचं नाक कसलं होतं ते आधी ऐका, म्हणजे पुढचं सगळं पटेल. मागच्या गल्लीत कुणाचं दूध करपलं, तर हा माणूस खाटेवर पडल्या पडल्या सांगायचा की गाईचं होतं का म्हशीचं. पोस्टमन कोपऱ्यावर वळायच्या आत त्याला कळायचं की स्वारी आज बायकोशी भांडून उपाशीपोटी निघालीय. एकदा म्हणे शेजारच्या शिंप्याकडे चोरी झाली, तर नाकोबाने नुसतं कुलूप हुंगलं आणि तडक चोराच्या घरी जाऊन त्याच्याच हातचा चहा पिऊन आला. यातलं निम्मं खोटं धरा. उरलेलं निम्मंसुद्धा भाडेकरूंच्या तोंडचं पाणी पळवायला पुरेसं होतं.

भाडेकरू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच ट्रकवर दोघे मिळून जाणारे, आळीपाळीने चालवणारे, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. थोरली पंख्यांच्या दुकानात जळलेल्या मोटारींची तार काढून नवी भरायची. गल्लीत तिला सगळे वाइंडिंगवाली म्हणत, आणि तिच्या हातून गेलेला पंखा पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही असंही म्हणत. धाकटी घर बघायची. बोलायला गोड, हसायला पुढे, आणि मनात काय चाललंय याचा थांग तिच्या आईलाही लागला नसेल.

खाली नाकोबा एकटा. बाहेरचे वास सोसवत नाहीत म्हणून त्याने खिडक्यांच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवून टाकल्या होत्या. दार उघडायचं ते फक्त धाकटीसाठी, कारण सकाळी दुधाची पिशवी ती आत ठेवायची; दाराची एक किल्ली तिच्याकडेच असायची. त्याचा मुलगा दुसऱ्या गावी. तो एकदा आला तेव्हा बापाच्या देखत अंगणात टेप टाकून मापं घेऊन गेला. जाताना जिन्यात दोघींना थांबवून गोड आवाजात म्हणाला, बाबा आहेत तोवर राहा, बाबा गेले की दुसऱ्या दिवशी इथे कुलूप. भाड्याचा कागद नव्हता. होता तो फक्त म्हाताऱ्याचा शब्द, मी आहे तोवर तुम्हाला कुणी हलवणार नाही. त्या शब्दावर दोघींचा संसार उभा होता. या शहरात ट्रकवाल्यांच्या बायकांना दुसरं घर कोण देतंय.

आणि असल्या घरात धाकटीने मशरूम लावले.

आतली खोली अंधारी होती, तिला त्याचाच उपयोग सुचला. कोंबडीखत आणि भुसा कुजवून भरलेल्या पिशव्या आल्या, लाकडी मांडण्या आल्या, आणि पाठोपाठ वास आला. वास म्हणजे साधासुधा नाही. थोरलीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वासाला नुसते पाय नव्हते, त्याला सासर-माहेरही होतं. सकाळी इथे, दुपारी तिथे. पहिल्याच दिवशी खालून छताला काठी लागली. ठक, ठक, ठक. मग रोज. चहा गाळताना ठक, केस विंचरताना ठक. शेवटी म्हाताऱ्याने दोघींना खाली बोलावलं, नाकाला रुमाल लावला आणि सांगून टाकलं की अजून एकदा हा नरक माझ्या घरात उतरला तर मी स्वतः मुलाला फोन करून किल्ली देतो.

जिना चढताना थोरली मनातल्या मनात सामान बांधायला लागली होती. धाकटी मात्र विचारात होती. तिने कुठेतरी बघितलं होतं, कोळशाचा डबा करतात म्हणे, त्याला पंखा लावला की तो वास गिळतो. विकतचा डबा परवडणारा नव्हता. पण घरात वाइंडिंगवाली असताना विकतचं कशाला, असं म्हणून तिने थोरलीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

थोरली चढली. तिला असली कामं आवडायचीच. तिने चाळणीच्या जाळीची दोन नळकांडी वळली, एक जाड, एक बारीक, बारीक जाडच्या पोटात. मधल्या पोकळीत कोळसा. एका टोकाला रंगाच्या बादलीचं झाकण, दुसऱ्या टोकाला दुकानातून मागून आणलेला पंखा. पंखा हवा ओढणार, हवा कोळशातून गाळून निघणार, वास कोळशात अडकणार. बाहेरून जुने मोजे ताणून बसवले, धूळ आत जायला नको म्हणून. पहिल्या खेपेला तिने इस्त्रीवाल्याकडचा कोळसा भरला. वास जसा आत गेला तसाच अंग झटकून बाहेर आला, वर खोलीभर काळी भुकटी. खालून काठी अशी वाजली की कपाटातली भांडी थरथरली.

पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा दुकानाशेजारी बसायचा. तो हसून हसून बेजार झाला. म्हणाला, वाइंडिंगबाई, चुलीतला कोळसा आंधळा असतो, तुम्हाला डोळ्याडोळ्यांचा पाहिजे. त्याच्याकडे तसला कोळसा पोत्याने होता, बारीक दाण्यांचा, पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात तो. एकेका दाण्याला इतकी बारीक भोकं की वास एकदा आत शिरला की त्याला परतीची वाट सापडत नाही.

ते दाणे धुण्यात आणि वाळवण्यात थोरलीचे काही दिवस गेले. पाणी पडतंय, काळं निथळतंय, पुन्हा पाणी, स्वच्छ येईपर्यंत. मग गच्चीवर पसरायचं, हाताने उलथायचं. त्या दिवसांत धाकटी दहा वेळा गच्चीवर यायची. ताई, वाळला का. ताई, आज बसेल का. ताई, जरा मोठाच करा, पुरायला हवा. थोरलीला कौतुक वाटलं, पोरीला एवढी कळकळ आहे म्हणून. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे करून बसलेल्या थोरलीला तेव्हा एवढं मात्र जाणवलं नाही की घर किती शांत झालंय.

डबा भरताना तिने जमिनीवर आपटून आपटून दाणे बसवले. पोकळी राहिली तर हवा तिथूनच पळ काढते, आणि मग सगळी मेहनत पाण्यात. सांधे चंदेरी पट्टीने बंद केले. डबा आतल्या खोलीत छताला टांगला, हवा ओढणारी नळी जमिनीजवळ सोडली. परीक्षा म्हणून तिने एक नासकं अंडं खोलीत बशीत फोडलं आणि पंखा लावला. घरघर सुरू झाली. धाकटी दाराशी, थोरली खोलीत, दोघी नाक वर करून. जरा वेळाने थोरलीने बशी उचलून अगदी नाकाशी नेली, तेव्हा कुठे अंडं अंड्यासारखं लागलं. हातभर लांब धरलं की काही नाही. तिने श्वास रोखून खालच्या काठीची वाट बघितली.

काठी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थोरलीने दुकानात सगळ्यांना सांगितलं की नाकोबाला हरवणारा डबा मी केला. शेठ म्हणाला, मग नाकोबा तुला घर बक्षीस देईल आता. सगळे हसले, तीही हसली.

घरी सुख आलं. चहा दाट झाला. थोरलीने विचारलं, दूध वाढवलंस का गं. धाकटी म्हणाली, गवळ्याकडून थोडं जास्त घेते हल्ली. थोरलीने दुसरा कप मागून घेतला. फोनही येऊ लागले, म्हाताऱ्याच्या मुलाचे. खालचा फोन उचलला जात नाही म्हणून तो धाकटीच्या फोनवर करायचा. थोरलीने एकदा ऐकलं, धाकटी लाडाने सांगत होती, झोपलेत हो, आत्ताच जेवून आडवे झाले, उठवू का. पलीकडून नको म्हटलं असावं. बापाला झोपेतून उठवून त्याच्याशी बोलावं एवढी हौस त्या मुलाला नव्हतीच. थोरलीच्या मनात आलं, आपल्या धाकटीचं म्हाताऱ्यावर किती लक्ष आहे, पोटच्या मुलाला नाही एवढं.

फक्त एक गोष्ट तिच्या कारागीर डोक्यात खुपत होती. कोळसा फार लवकर भरला. डब्याच्या तोंडाशी एक गोडसर, ओशट वास जमायला लागला, आणि हा कोळसा तर कितीतरी महिने चालायला हवा होता. तिने पुन्हा पोतं आणलं तेव्हा फिल्टरवाल्याने भुवया चढवल्या.

"एवढ्यात खाऊन टाकला? काय पाळलंय घरात, हत्ती?"

थोरली म्हणाली, मशरूम. तो म्हणाला, मशरूमच्या बापाला नाही संपायचा एवढा. तिने ते हसण्यावारी नेलं. पण जुना कोळसा ओतून टाकल्यावर हात तीनतीनदा धुतले तरी ताटावर बसल्यावर बोटं नाकाशी गेली की घास फिरायचा. कोंबडीखताचा वास ती ओळखत होती. हा तो नव्हता. मशरूम जुने झाले की असा येत असेल, तिने स्वतःला समजावलं, आणि नवा कोळसा आधीपेक्षाही घट्ट ठोकून बसवला. हाताला काम चांगलं जमलं की डोकं गप्प बसतं, तसं झालं.

मग शेवटचा तोडा झाला. हॉटेलवाला माल घेऊन गेला, रोपांच्या दुकानवाला रिकाम्या पिशव्या खतासाठी घेऊन गेला. धाकटीने खोली स्वतः घासूनपुसून काढली, मांडण्या मात्र एका कोपऱ्यात आडव्या लावून ठेवल्या. थोरली म्हणाली, आता पंखा सोडवते, दुकानात परत द्यायचाय. धाकटी म्हणाली, राहू द्या ना ताई, भिंतीत मुरलेला वास जायला वेळ लागतो. थोरली म्हणाली, बरं. शेठ विचारायला लागला तेव्हा तिने थाप मारली. रिकाम्या, धुतलेल्या खोलीत पंखा दिवसभर घरघरत राहिला, आणि दोघी बाहेरच्या खोलीत बसून आधीच्यापेक्षा जरा मोठ्याने बोलायला लागल्या. का, ते एकीनेही दुसरीला विचारलं नाही.

ज्या दिवशी दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी भर दुपारी लाइट गेली.

धाकटी भाजी आणायला गेली होती. थोरली आडवी झाली होती. पंखा फिरत होता तोवर तो तिला ऐकू येत नव्हता. थांबला आणि ऐकू आला, म्हणजे त्याचं नसणं ऐकू आलं. सगळं घर एकदम कान टवकारून बसल्यासारखं झालं. आणि मग आतल्या खोलीतून, दाराच्या फटीखालून, घाई न करता, घरच्यासारखा, तो आला.

तोच गोडसर, ओशट. फक्त आता तो डब्याच्या तोंडाशी नव्हता, जमिनीजवळ होता. थोरलीने पदर नाकाला लावला आणि आत गेली. खोली लख्ख रिकामी. कुजायला एक काडी नाही. ती नाकाने माग काढत कोपऱ्यात गेली, आडव्या मांडण्या ओढल्या, आणि बघत राहिली.

तिने छतावरून खाली सोडलेल्या नळीला कुणीतरी आणखी एक नळी जोडली होती. जोड नवशिक्याचा होता, चंदेरी पट्टी वेडीवाकडी गुंडाळलेली. नळी भिंतीच्या कडेने कोपऱ्यात जात होती. तिथे जमिनीला पूर्वीच्या सांडपाण्याच्या पाइपचं जुनं भोक होतं. नळीचं तोंड त्या भोकात कोंबलेलं होतं आणि भोवती ओल्या कणकेसारखं काहीतरी लिंपलं होतं.

भोकाखाली नाकोबाची खोली.

थोरली तिथेच बसली. डोकं हळूहळू मागे चालू लागलं, सोडवलेल्या मोटारीची तार उलटी निघते तसं. डबा लावल्यावर काठी थांबली असं ती गावभर सांगत फिरली होती. पण डबा बसायच्या आधी, ती गच्चीवर कोळसा उलथत होती तेव्हा, काठी वाजली होती का? इस्त्रीवाल्याच्या कोळशाच्या दिवशी वाजली ती शेवटची. मशरूमच्या पिशव्या उघड्या होत्या, डबा अजून जमिनीवर सुटा पडला होता, आणि ज्याला मागच्या गल्लीतलं दूध ओळखू यायचं तो माणूस खाली गप्प होता.

दार वाजलं. धाकटी भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिने वास घेतला, ओढलेल्या मांडण्या बघितल्या, मग पिशवी हळूच खाली ठेवली. एक टोमॅटो घरंगळत गेला. तिने तो उचलून परत पिशवीत ठेवला.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

धाकटीने आढेवेढे घेतले नाहीत. एका सकाळी दूध घेऊन गेली तर म्हातारा खुर्चीत बसलेला होता. काठी मांडीवर, तोंड वर छताकडे. तिला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. ती बराच वेळ दूध हातात घेऊन उभी होती म्हणे. मग तिने दार ओढून घेतलं, किल्ली कनवटीला लावली आणि वर येऊन विचारलं, ताई, कोळसा वाळला का.

"मी त्यांना हात नाही लावला, ताई. तुमची शपथ. ते आपले आपण गेले."

धाकटी तिच्याजवळ येऊन बसली आणि समजुतीच्या सुरात बोलू लागली. मुलाला कळलं की दुसऱ्या दिवशी कुलूप. मग कुठे जायचं? भावजीही नाहीत, हेही नाहीत. दोघे परत येईपर्यंत तरी. म्हाताऱ्याला आता काय फरक पडतो, त्यानेच तर सांगितलं होतं, मी आहे तोवर राहा. मग तो आहे. खाली आहे. शब्दाला जागतोय. हे म्हणताना ती किंचित हसली, आणि ते हसू बघून थोरलीच्या अंगावर काटा आला.

पण खरा काटा पुढेच आला. कारण थोरली घाबरली होती, तिला रडू येत होतं, आणि तरी तिचं डोकं एकीकडे आपलं काम करत होतं. या डब्याला हा भार जड जातोय. मोठा ड्रम घेतला, जाळी दुहेरी केली, पंखा जरा हळू फिरवला, तर कोळसा दुप्पट टिकेल. धाकटीचा जोड गळतोय, तो आपण नीट बांधून देऊ. नवरे येईपर्यंत सहज निघेल. सगळं चित्र स्वच्छ तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, मापांसकट. तिने आपल्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडांना अजून काळं होतं. चहा दाट लागला म्हणून दुसरा कप मागितलेला तिला आठवला. ते दूध खालच्या पिशवीतलं होतं.

तेवढ्यात लाइट आली. पंख्याने एकदा कण्हल्यासारखं केलं आणि घरघरायला लागला. वास जमिनीवरून मागे सरकला, नळीत शिरला, आणि बघता बघता खोलीत काही उरलं नाही. धुतलेल्या फरशीचा ओला वास, पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास.

"बघा," धाकटी म्हणाली, "गेला. तुमच्या हाताला तोड नाही, ताई."

तिने ते मनापासून म्हटलं होतं. डबा खरंच सुरेख झाला होता. कुठे फट नाही, कुठे पोकळी नाही. खाली एक माणूस खुर्चीत बसून संपत होता आणि वर कोथिंबीर ताजी लागत होती.

थोरली उठली. तिने बटण बंद केलं नाही, बटण कुणीही पुन्हा लावू शकतं. पक्कड घेतली, स्टुलावर चढली आणि पंख्याची तार मोटारीच्या मुळाशी तोडली. मग मागचं झाकण उघडून तिने स्वतः भरलेली तांब्याची गुंडाळी बोटांनी उपसून काढली. तिच्या हातचा पंखा दुरुस्तीला परत येत नाही असं लोक म्हणत. हा कुणालाच दुरुस्त करता आला नसता. धाकटी आडवी आली नाही. ती म्हणाली, पक्कं ठरलं का मग, आणि उत्तराची वाट न बघता फळीवरची भांडी उतरवून एकात एक घालायला लागली.

थोरलीने किल्ली मागितली. धाकटीने कनवटीची सोडून दिली. जिना उतरताना वास तिच्या बरोबरीने, पायरीपायरीने उतरत होता. खालच्या दाराशी आल्यावर मात्र तिचा धीर सुटला. किल्ली कुलपाला लागेना. तिने दार नुसतं ढकलून बघितलं, मग हळूच ठोठावलं, जिवंत माणसाकडे जाताना ठोठावतात तसं. मग ती शेवटच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली. वर भांड्यांचा आवाज चालू होता. फोन मांडीवर होता. मुलाचा नंबर काढून ठेवला होता, अंगठा अजून धजत नव्हता.

रस्ता दुपारचा सुस्त होता. भंगारवाला गाडी ढकलत गेला, थोडा पुढे गेला, मग थांबला. त्याने मान वर केली. समोरच्या खिडकीत एक बाई आली, तिने खिडकी लावायला हात घातला आणि लावायचं विसरून तशीच उभी राहिली. भंगारवाला गाडी तिथेच टाकून परत आला आणि पायरीपासून चार हातांवर उभा राहिला.

"वहिनी, वास कसला येतोय हो?"

थोरलीने फोनचं बटण दाबलं, कानाला लावला, आणि पलीकडे घंटा वाजत असताना त्याच्याकडे बघून म्हणाली,

"आजोबांचा."